‘तिथे गेल्यावर कळेल’ कुठे चालतं आणि कुठे नाही

ताई,
मी 26 वर्षांची आहे. एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. आमच्या चर्चमार्फत एका सेवासंस्थेच्या तुकडीबरोबर सहा आठवडे परदेशात स्वयंसेवक म्हणून जायला माझी निवड झाली आहे. जायचं मनापासून आहे, पण चार महिने झाले तरी काहीच पक्कं होत नाही. आधी एक देश सांगितला होता, आता दोन नावं आहेत. तारीख दोनदा पुढे गेली. काम काय असेल विचारलं तर ‘बांधकामात मदत, मुलांसोबत वेळ, थोडं आरोग्यशिबिर, बाकी तिथे गेल्यावर कळेल’ असं उत्तर येतं. समन्वयक म्हणतात, श्रद्धा ठेवून तयारीला लागा. पण तयारी कशाची करू? नातेवाइकांनी आणि मंडळीतल्या लोकांनी खर्चासाठी पैसे दिले आहेत. ऑफिसात रजा कोणत्या तारखांची मागू? की राजीनामाच देऊ? आई-बाबा रोज विचारतात आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. मला भीती वाटते, म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?
– अधांतरी

प्रिय अधांतरी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याच ओझ्याखाली दबलेले दिसतात. भीती वाटली म्हणून विश्वास कमी ठरत नाही. आपण अनोळखी माणसांच्या घरादारात सहा आठवडे शिरणार आहोत, तिथे त्यांना आपला भार होऊ नये, असं ज्याला वाटतं त्याला प्रश्न पडतातच. समन्वयकांनी ‘श्रद्धा ठेवा’ म्हणण्यात काही गैर नाही. पण तू कामाबद्दल विचारलंस आणि त्याचं उत्तर म्हणून त्यांनी हे सांगितलं असेल, तर ते मला मान्य नाही. श्रद्धा तुझ्याकडे आहेच. तू माहिती मागते आहेस.

मी नर्स म्हणून अशा तुकड्यांबरोबर गेले आहे आणि पुढे तुकड्या पाठवण्याच्या कामातही होते. सगळं ठरल्या तारखेला पार पडलं, असं क्वचितच होतं. व्हिसा अडकतो, पाऊस लांबतो, रस्ता वाहून जातो, निवडणुकीच्या धामधुमीत यजमान संस्था ‘आत्ता नको, दोन महिन्यांनी या’ म्हणते. ही अनिश्चितता कामाच्या पोटातच असते आणि ती सोसायची मनाची तयारी हवी. दुसरी अनिश्चितता मात्र निव्वळ कुणीतरी आपलं काम केलेलं नसतं म्हणून उरलेली असते. ‘तिथे गेल्यावर कळेल’ या एका वाक्यात दोन्ही गुंडाळल्या जातात आणि तुझ्यासारखी भली माणसं सगळंच निमूटपणे पदरात घेतात. उठायची वेळ काय, झोपायला खोली की सभागृह, मंगळवारी भिंत रंगवायची की विटा वाहायच्या, हे तिथे गेल्यावर कळलं तरी चालेल. आपल्याला कुणी बोलावलं, कशासाठी बोलावलं, आपण कोणत्या व्हिसावर जातोय आणि आजारी पडलो तर जबाबदारी कुणाची, हे मात्र तिकीट काढण्याआधी कळलंच पाहिजे.

तेव्हा पहिलं काम हे कर: समन्वयकांना लेखी विचार. फोनवर विचारलंस तर पुन्हा तसंच गोलमोल उत्तर मिळेल. भाषा नम्र ठेव, पण प्रश्न नेमके हवेत. दोन्ही देशांतल्या यजमान संस्थांची नावं काय, तिथला संपर्क कोणाचा, आणि त्या व्यक्तीशी मला अर्धा तास बोलता येईल का? तुकडी पाठवा असं त्यांनी कळवलं, की आपण येतो असं आपण कळवलं? मी आले नाही तर ते काम कोण करणार आहे? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून बरंच उघड होतं. ‘गावातले गवंडी करतील’ असं उत्तर आलं, तर मग ते गवंडी मजुरी मिळवायचे सोडून तुमच्याकडे बघत उभे राहणार आहेत का, हेही विचार. शिकाऊ हातांनी बांधलेली भिंत पुन्हा पाडून बांधावी लागते, आणि बाहेरचे लोक फुकट काम करून गेले की तिथल्या माणसाचा रोजगार बुडतो.

आधी विचारायचं आणि मग जायचं, ही पद्धत काही नवी नाही. पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने 1920 मध्ये पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या, फ्रान्समधल्या वर्दूनजवळच्या एका गावात वेगवेगळ्या देशांच्या स्वयंसेवकांचं शिबिर भरवलं. त्यातून पुढे ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल मदतीला आला, पण तुकडी घेऊन धावत आला नाही. आधी तो एकटा येऊन गेला. परिस्थिती पाहिली, तिथे काम करणाऱ्यांशी बोलला. मग अगदी मोजक्या साथीदारांना घेऊन परतला आणि गावं पुन्हा वसवण्याच्या कामाला लागला. तुला आधी जाऊन पाहून येणं शक्य नाही, पण यजमानांशी अर्धा तास बोलणं शक्य आहे. तेवढंही करून द्यायला संस्था तयार नसेल, तर माझ्या लेखी तो नकाराचा इशारा आहे.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या शब्दांनी मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं त्यांच्याकडे येते. ‘मुलांसोबत वेळ.’ कुठली मुलं? शाळेतली, की संस्थेत राहणारी? शाळेत शिक्षिकेच्या हाताखाली मदत करणं वेगळं. पण अनाथालयात सहा आठवडे जाऊन मुलांना लळा लावायचा आणि निघून यायचं असा बेत असेल, तर त्या कामाला नाही म्हण. त्या मुलांनी आधीच जवळचं माणूस गमावलेलं असतं, आणि दर दोन महिन्यांनी नवी ताई येऊन कुशीत घेते व निघून जाते, याची जखम त्यांना होते. त्यात पैशाचाही भाग आहे. कंबोडियात युनिसेफच्या मदतीने झालेल्या पाहणीत असं दिसलं, की तिथल्या अनाथालयांतल्या दर चारपैकी सुमारे तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. परदेशी पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं घरातून आणून ठेवली जातात, हा प्रकार इतका वाढला की ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचीही दखल घेतली.

चांगल्या हेतूने गेलेली माणसंसुद्धा कशी अडकतात, ते हैतीत दिसलं. 12 जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर चर्चशी संबंधित दहा अमेरिकन स्वयंसेवक 33 मुलांना बसमधून सीमेपलीकडे डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेत होते. मुलं अनाथ आहेत असं ते सांगत होते. त्यांना सीमेवर अटक झाली, आणि नंतर कळलं की त्या मुलांचे पालक हयात होते. त्या तुकडीतल्या कितीतरी जणांना आपण नेमकं काय करतोय याची कल्पनाही नसावी, असं मला वाटतं. ‘गेल्यावर कळेल’ म्हणून निघालेल्या माणसाची अशीच गत होऊ शकते.

म्हणून संस्थेला बालसुरक्षेचं लेखी धोरण माग. मुलांमध्ये काम करायचं असेल तर त्यांनी तुझ्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागायला हवा. मागितला नसेल, तर ते कुणाकडेच मागत नाहीत असं समज. मुलांचे फोटो काढून सगळीकडे टाकण्याबद्दल त्यांचा नियम काय, तेही विचार. आरोग्यशिबिराबद्दल एवढंच सांगते: तुझं शिक्षण वैद्यकीय नाही. तू नावं नोंदव, रांग लाव, पाणी दे. कुणी रक्तदाब मोजायला, इंजेक्शन द्यायला, गोळ्या वाटायला सांगितलं तर हात मागे घे, समोर कितीही गर्दी असली तरी.

व्हिसाचा प्रश्न लोक सोडून देतात आणि नेमका तोच अंगाशी येतो. पगार घेत नाही म्हणजे ते काम नाही, असं सगळे देश मानत नाहीत. थायलंडमध्ये विनामोबदला स्वयंसेवेलाही वर्क परमिट लागू शकतो. ‘विमानतळावर पर्यटनाला आलोय म्हणून सांगा’ असं कुणी शिकवत असेल, तर तुझी सेवा खोटं बोलण्यापासून सुरू होणार आहे, आणि पकडली गेलीस तर परत तुलाच पाठवतील. तुमच्या मिशनमध्ये धर्मप्रसाराचा भाग आहे का, हेही स्पष्ट विचार. नेपाळमध्ये 2018 पासून लागू असलेल्या दंडसंहितेनुसार धर्मांतर घडवणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी नागरिकाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. अशा ठिकाणी तुम्ही उघडपणे केलेल्या एखाद्या कृतीची किंमत तुम्ही परतल्यावर तिथली छोटी ख्रिस्ती मंडळी मोजत बसते. श्रद्धेबद्दल तिथे काय बोलावं आणि काय बोलू नये, हे यजमानांकडूनच ऐकून घे.

ही उत्तरं येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. देश कुठलाही असो, उपयोगी पडेल अशी तयारी आजपासून सुरू करता येते.

सुरुवात लसीकरणापासून कर, कारण वेळ त्यालाच लागतो. प्रवास-आरोग्याचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना दोन्ही देशांची नावं सांग आणि दोघांत समान असलेलं आधी उरकून घे. धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतलीस ते शोध. दहा वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावी लागते. हिपॅटायटिस अ चा पहिला डोस आत्ता घेतलास तरी या प्रवासापुरतं संरक्षण मिळतं, दुसरा किमान सहा महिन्यांनी घ्यायचा असतो. हिपॅटायटिस ब आधी झाली नसेल तर तिचे नेहमीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, म्हणजे तारीख ठरायची वाट पाहत बसलीस तर ती मालिका पूर्ण व्हायचीच नाही. टायफॉइडचं इंजेक्शन निघायच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावं.

पीतज्वर म्हणजे यलो फीव्हर. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या एखाद्या देशाचं नाव यादीत असेल तर हा मुद्दा कळीचा. लसीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं आणि जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. वाटेत विमान बदलताना तू पीतज्वराच्या देशात थांबलीस तरी पुढचा देश ते मागू शकतो. मार्ग ऐन वेळी बदलला म्हणून विमानतळावर अडकलेले लोक मी पाहिले आहेत. ही जिवंत विषाणूची लस आहे. गरोदरपण, अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्तीचा काही आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

रेबीजची लस आधी घ्यावी का, असं मला नेहमी विचारतात. दुर्गम भागात जाणार असशील तर घे असंच मी म्हणेन. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये वेळापत्रक सोपं केलं आहे: आठवड्याच्या अंतराने दोन डोस. कुत्रा चावलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि पुढचे डोस घ्यायचेच, पण इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे जखमेत टोचायच्या तयार प्रतिपिंडांची, गरज मग राहत नाही. दुर्गम जागी नेमकं तेच मिळत नसतं.

मलेरियाच्या गोळ्या देश पक्का झाल्यावरच ठरतात, तरी त्यांचं गणित आत्ताच लक्षात ठेव. डॉक्सिसायक्लिन निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतं आणि परतल्यावर चार आठवडे घ्यावं लागतं. अॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस. मेफ्लोक्विन किमान दोन आठवडे आधी सुरू करायचं असतं, आणि ज्यांना नैराश्याचा किंवा तीव्र चिंतेचा त्रास झाला आहे त्यांना ते देत नाहीत. घरी आलं की लोक गोळ्या बंद करून टाकतात, तसं करू नकोस. परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांग की मी अमुक देशात जाऊन आलेय.

दात तपासून घे. चष्मा असेल तर दुसरा जोड करून ठेव. रोजची औषधं मूळ वेष्टनात आणि सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी. कोडीन किंवा ट्रमाडॉल असलेली दुखण्याची औषधं काही देशांत कडक नियंत्रणाखाली आहेत. कुणी ‘माझ्याकडच्या गोळ्या घेऊन जा’ म्हणून पुडी दिली तर ती नेऊ नकोस.

पासपोर्ट काढून बघ. बरेच देश प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने मुदत शिल्लक असल्याशिवाय आत घेत नाहीत. तारखा पुढे सरकताहेत, म्हणजे तुझी मुदत त्या हिशेबाने कमी होतेय. कोरी पानंही मोज. आणि तिथे पोचल्यावर ‘सगळ्यांचे पासपोर्ट आमच्याकडे जमा करा’ असं कुणी म्हटलं तर प्रत द्यायची, पासपोर्ट आपल्याकडेच ठेवायचा.

विमा संस्थेने काढला आहे एवढ्यावर समाधान मानू नकोस, पॉलिसी मागून वाच. आजारी माणसाला दुसऱ्या शहरात किंवा देशात हलवायचा खर्च त्यात आहे का? अंगमेहनतीचं काम किंवा उंचीवरचं काम वगळलंय का? बऱ्याच पॉलिसी बांधकाम वगळतात आणि तू तर बांधकामालाच निघालीस. देश बदलला तर संरक्षण चालू राहतं का? सरकारने ‘तिकडे जाऊ नका’ असा सल्ला जाहीर केलेला असताना गेलीस, तर विमा कंपनी हात वर करू शकते, हेही त्यात पाहा.

याच्या जोडीला प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घे, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याच्या सरावासह. देश कुठलाही असो, ते कामी येईल. आणि रोज चाल. चढावर, पाठीवर ओझं घेऊन.

नोकरी. राजीनामा देऊ नकोस. ज्या प्रवासाला देश नाही आणि तारीख नाही, त्यासाठी पोटापाण्याची सोय सोडायची वेळ आलेली नाही. वरिष्ठांकडे अंदाजे कालावधी माग: अमुक दोन-तीन महिन्यांत सलग सहा आठवडे, नक्की तारीख मी आठ आठवडे आधी सांगेन. मोघम तारखांवर चिडणारे वरिष्ठ आठ आठवड्यांच्या शब्दावर बहुधा राजी होतात, कारण बदली माणूस लावायला त्यांना तेवढा वेळ पुरतो.

हेच आठ आठवडे तुझ्याही निर्णयाची तारीख ठरवतील. समन्वयकांना कळव: निघायच्या आठ आठवडे आधीपर्यंत देश, यजमान, काम, व्हिसाचा प्रकार आणि विमा हे लेखी मिळालं तर मी येते. नाही मिळालं तर या तुकडीतून माझं नाव काढा, पुढच्या तुकडीसाठी माझा विचार व्हावा. आठ आठवडेच का? लसी, व्हिसा आणि रजा या तिन्ही गोष्टी त्याहून कमी वेळात ओढूनताणून करता येतात, पण नीट होत नाहीत. ही तारीख ठरली की रोजची घालमेल थांबेल. रोज सकाळी उठून ‘जाऊ की नको’ करायला नको, त्या दिवशी कागद समोर ठेवून ठरवायचं.

पैसे दिलेल्यांना आत्ताच दोन ओळी लिही. देश आणि तारीख अजून ठरायची आहे, पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेत, अमुक तारखेपर्यंत ठरलं नाही तर परत करेन किंवा तुम्ही म्हणाल त्या कामाला देईन. संस्थेकडे भरलेल्या रकमेतलं किती परत मिळतं, हेही लेखी माग. तुकडी रद्द झाली तर काय आणि तू स्वतः माघार घेतलीस तर काय, दोन्ही. परतीच्या तिकिटाएवढी रक्कम मात्र स्वतःच्या खात्यात स्वतंत्र ठेव, कुणालाही न विचारता घरी येता येईल अशी.

आई-बाबांशी बोलायला तुझ्याकडे आता बरंच काही आहे. समन्वयकांना पाठवलेले प्रश्न त्यांना वाचायला दे. निर्णयाची तारीख सांग. उत्तरं येतील तशी त्यांनाही दाखव. जायचं ठरलं तर यजमानांचा आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता, विमा कंपनीचा आणि दूतावासाचा नंबर त्यांच्या हातात हवा. शिवाय गट कुठे अडकला तर घरी कळवायची जबाबदारी संस्थेतल्या कोणत्या माणसाची, त्याचं नाव. ते रोज जे विचारतात त्यातले बरेच प्रश्न तर तू स्वतःच संस्थेला विचारायला हवे होते, तेव्हा त्यांच्याकडून दोन-चार नवेही मिळतील. ते लिहून घे.

आणखी एक. तू बांधकामाबद्दल लिहिलंस, मुलांबद्दल लिहिलंस, पण स्वतःला काय येतं याचा त्या यादीत उल्लेखच नाही. तू हिशेब करतेस! कुठल्याही छोट्या सेवासंस्थेत गेलीस तरी पावत्या एका डब्यात, खर्च एका वहीत आणि देणगीदारांना पाठवायचा अहवाल कधीपासून रखडलेला, असं चित्र दिसण्याची शक्यता मोठी आहे. तिथल्या एका माणसाला महिनाअखेरीचा ताळमेळ घालायला शिकवलंस तर ते तू परतल्यावरही चालू राहील. यजमानांशी तो अर्धा तास बोलशील तेव्हा विचार, तुमचे हिशेब कोण लिहितं, त्यांना मदत हवी आहे का? हवी असेल तर ती जायच्या आधीही फोनवरून सुरू करता येईल, आणि ही तुकडी गेलीच नाही तरी करता येईल.

तुझी,
ताई